‘औषध म्हणून घोटभर’ : गरोदर बाईला दारू चालते का?

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की चहा येईपर्यंत बाया-मुली थांबतात. तेवढ्या वेळात आम्ही आरोग्याचा एखादा विषय काढतो. त्या दिवशी विषय लोहाच्या गोळ्यांचा होता. गोळ्यांचे बोलून झाले, आणि सातव्या महिन्यातल्या एका सुनेने खाली बघतच विचारले, “सर्दी हटत नाही. सासूबाई म्हणतात गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी घे. घेऊ का?” सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “दारू पी म्हणत नाय हां मी. औषध म्हणून सांगतेय.”

सगळ्या हसल्या. पण नंतर एकेक बाई बोलायला लागली तेव्हा कळले की ही एका घरची गोष्ट नाही. कुणाच्या आईने बाळंतपणात थंडी वाजू नये म्हणून दिली होती, कुणाच्या आत्येने पाठ भरून आली की काजूची थोडी पाजली होती, कुणाच्या घरी तान्ह्याच्या छातीला ब्रँडी चोळतात आणि बोटभर चाटवतातही. ज्या घरात दर पौर्णिमेला पंचशील म्हटले जाते, त्याच घरात फडताळातली ती छोटी बाटली ‘दारू’ या शब्दात मोडत नाही. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेत आहोत.

त्या सुनेला दिलेले उत्तर आधी सांगतो. नाही, घेऊ नये. गरोदरपणात दारूचे असे कोणतेही प्रमाण सापडलेले नाही की ज्याला सुरक्षित म्हणता येईल. पहिला महिना असो की नववा, ब्रँडी असो, बिअर असो की माडी, उत्तर तेच. जागतिक आरोग्य संघटनाही गरोदर बाईने दारू अजिबात घेऊ नये असेच सांगते.

आता हे का, ते पाहू. कारण नुसते ‘घेऊ नको’ म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी ‘आम्ही घेतली, आमची पोरं काय वाईट झाली’ असे म्हणतात, आणि सुनेला त्यावर बोलता येत नाही.

बाळ पोटात असते तेव्हा त्याचे अन्न, पाणी, हवा सगळे वारेतून आणि नाळेतून येते. वार पुष्कळ गोष्टी अडवते, म्हणून आपल्याला वाटते की ती चाळणीसारखी वाईट ते बाहेर ठेवत असेल. दारूच्या बाबतीत तसे होत नाही. अल्कोहोलचा कण फार लहान असतो, तो पाण्यात सहज मिसळतो आणि वारेतून सरळ पलीकडे जातो. आईने प्याल्यावर तासाभरात बाळाच्या रक्तातली दारू जवळजवळ आईच्या रक्ताइतकीच होते. आईचे यकृत, म्हणजे लिव्हर, ती दारू हळूहळू मोडून काढते. बाळाचे यकृत अजून तयार होत असते, त्याला ते काम जमत नाही. आईच्या रक्तातली दारू उतरेल तशी बाळाची उतरायची. त्यात भर म्हणजे बाळाच्या लघवीवाटे ती भोवतीच्या गर्भजलात जाते, आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळते. आईची नशा उतरून ती कामाला लागलेली असते, तरी आत बाळाचा दारूशी संबंध संपलेला नसतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचे हृदय, हातपाय, डोळे, चेहरा यांची घडण होते. पुष्कळ बायांना तेव्हा आपण गरोदर आहोत हेसुद्धा नीट ठाऊक नसते. मेंदूचे काम मात्र तेवढ्यात संपत नाही. तो पहिल्या आठवड्यांपासून बाळंत होईपर्यंत आणि पुढेही वाढतच असतो. म्हणून ‘तीन महिने झाले, आता धोका टळला’ हा समज चुकीचा आहे. तीन महिन्यांनंतर चेहऱ्याची घडण बिघडणार नाही कदाचित, पण मेंदूला इजा होण्याचा काळ चालूच असतो.

सासूबाईंना आम्ही अडाणी म्हणणार नाही. ही गोष्ट डॉक्टरांनाच उशिरा कळली. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोआन नावाच्या डॉक्टरांनी फार दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांची पाहणी करून त्यांच्यात सारखी दिसणारी व्यंगे नोंदवली. त्यांचे लिखाण फ्रेंच भाषेत होते, बाहेर फारसे कुणी वाचले नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेत सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी तसेच वर्णन केले आणि त्या आजाराला नाव दिले, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. म्हणजे गर्भातच दारूमुळे झालेला विकार. १९८१ साली अमेरिकन सरकारने गरोदर बायांना दारू न पिण्याचा अधिकृत सल्ला दिला. या सगळ्याला पन्नास-साठ वर्षेच झाली आहेत.

त्याआधी काय चालत होते हे ऐकले तर आश्चर्य वाटेल. साठ-सत्तरच्या दशकात दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवण्यासाठी परदेशातल्या मोठमोठ्या इस्पितळांत बाईला शिरेतून अल्कोहोल देत असत. तो तेव्हाचा शास्त्रीय उपचार होता. पुढे जास्त चांगली औषधे आली, दारूचे दुष्परिणामही कळले आणि तो उपचार बंद पडला. तेव्हा एखादी आजी ‘आमच्या वेळी डॉक्टरच द्यायचे’ असे म्हणाली तर ती खोटे बोलत असेलच असे नाही. डॉक्टरांनी आपले मत बदलले, आपणही बदलू शकतो.

या विकाराच्या मुलांचे वजन जन्मतः कमी असते, डोके लहान असते, वाढ मागे पडते. नाक आणि वरच्या ओठामधली जी खोलगट रेघ असते ती सपाट दिसते, वरचा ओठ पातळ असतो, डोळ्यांच्या फटी लहान असतात. काहींना हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे व्यंग असते. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या मुलांची. दारूची झळ बसलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मूल गोंडस असते, चालते, बोलते. शाळेत गेल्यावर कळते की त्याचे लक्ष लागत नाही, आज शिकवलेले उद्या आठवत नाही, हिशेब जमत नाही, पटकन चिडते, काय केले की काय होईल याचा अंदाज येत नाही. घरचे म्हणतात, पोर हट्टी आहे. बाई म्हणतात, मठ्ठ आहे. त्याला मार बसतो. खरे कारण गर्भातले असते आणि ते कुणाच्या मनातही येत नाही. आपल्या घरांत मुलाचे शिक्षण ही केवढी मोठी गोष्ट आहे ते वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी दिलेला शिक्षणाचा मार्ग ज्या मेंदूने चालायचा, तोच जन्माआधी दुबळा होत असेल तर त्याची भरपाई कोणतीही शिकवणी करू शकत नाही.

याखेरीज गर्भपात, पोटात बाळ दगावणे, दिवस भरण्याआधी बाळंत होणे, यांचाही धोका दारूने वाढतो. २०१७ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातली माहिती एकत्र करून एक अंदाज मांडला गेला. गरोदरपणात दारू पिणाऱ्या साधारण ६७ बायांमागे एका बाईचे मूल पूर्ण लक्षणे असलेल्या या विकारासह जन्मते. दर वर्षी जगात अशी सुमारे १ लाख १९ हजार मुले जन्माला येतात. चेहऱ्यावर लक्षणे नसलेली, पण झळ बसलेली मुले यात धरलेली नाहीत.

कुणी म्हणेल, म्हणजे ६७ पैकी ६६ बायांची मुले तर ठीकच. हिशेब तसा सरळ नाही, कारण त्या ६६ मध्ये कमी झळ बसलेली मुलेही आहेत. पण ‘आम्ही घेतली, आमची पोरं बरी आहेत’ असे म्हणणाऱ्या आज्या कुठून येतात ते यावरून कळते. दारू सगळ्यांना सारखी बाधत नाही. बाईचे वजन, तिचे जेवण, अंगात रक्त किती, यकृत कसे, वारसा कसा, किती प्याली आणि एकदम प्याली की थोडी थोडी, यावर परिणाम ठरतो. अर्धपोटी, रक्त कमी असलेल्या बाईला आणि तिच्या बाळाला ती जास्त बाधते. आपल्या वस्त्यांत हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या आसपास असलेल्या गरोदर बाया कमी नाहीत.

मग अगदी थोडीशी? इथे आम्ही सरळ सांगतो. दोन चमचे ब्रँडीने बाळ अपंग होईलच असे आम्ही म्हणणार नाही, ते खरे नाही. जास्त पिण्याने आणि एका बैठकीत चार-पाच पेग घेण्याने होणारी हानी स्पष्ट सिद्ध झालेली आहे. अगदी कमी दारूने किती हानी होते याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि ते होणेही कठीण आहे, कारण गरोदर बायांना मुद्दाम दारू पाजून प्रयोग करता येत नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी सरकारी सल्ला असा होता की शक्यतो टाळा, पण प्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा थोडीशी. २०१६ साली तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो बदलला आणि अजिबात न घेणे हेच सर्वांत सुरक्षित असे सांगितले. सुरक्षित मर्यादा सापडत नसेल तर शून्यावर थांबायचे, एवढा साधा हा विचार आहे. शिवाय त्या दोन चमच्यांनी फायदा काय होतो? ब्रँडीने सर्दी बरी होत नाही. अंगात ऊब आल्यासारखे वाटते ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून, आणि त्याने शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. फायदा शून्य आणि धोका थोडासा, असा व्यवहार कोण करील?

‘हे दारूत धरत नाहीत’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाते, त्यांचा हिशेब आता मांडू. आपल्याकडच्या ब्रँडी, रम, व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलीच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल जाते. चहाचे दोन चमचे म्हणजे त्या पेगचा तिसरा हिस्सा. घरातले ‘दोन चमचे’ झाकणाने मोजले जातात, आणि झाकण कुणी मापून बघत नाही. बिअर हलकी म्हणतात. स्ट्राँग बिअरमध्ये ७ टक्के अल्कोहोल धरले तर ६५० मिलीच्या एका बाटलीत ३५ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे साडेतीन पेग. ‘लघवी साफ होते’ म्हणून गरोदर बाईला बिअर देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. लघवीला जळजळ होत असेल तर ती तपासून घ्यायची. गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग अंगावर काढणे धोक्याचे असते.

आमच्या किनाऱ्यावर माडीबद्दल मोठा गैरसमज आहे. सकाळची माडी गोड असते, ती नशा देत नाही, पोटाला थंड, असे सांगितले जाते. माडातून टपकणारा रस मुळात गोड आणि बिनदारूचा असतो हे खरे. मडक्याला चुना लावून आणि थंड ठेवून त्याची नीरा राखता येते. पण चुना नसेल तर माडावर टांगलेल्या मडक्यातच हवेतले यीस्ट त्यात उतरते आणि रस आंबायला लागतो. खाली उतरेपर्यंत त्यात दारू तयार व्हायला सुरुवात झालेली असते, आणि ऊन चढेल तशी ती वाढते. आंबलेल्या माडीत चार-पाच टक्के अल्कोहोल धरले तर २५० मिलीचा मोठा पेला म्हणजे ब्रँडीचा एक पेग झाला. काजूच्या बोंडांची आणि हातभट्टीची दारू तर किती कडक हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात मिथेनॉल निघाले तर काय होते ते २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला दिसले. शंभरहून अधिक माणसे मेली, आणि ती आपल्यासारख्याच वस्त्यांतली होती.

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही पूर्वी लक्षात आली नव्हती. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार करतात. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते आणि ते बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते. शक्ती येते म्हणून गरोदर सुनेला स्वतःच्या मनाने पाजू नका. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते. दुकानदाराला गरोदर आहे हे आधी सांगा, आणि शक्यतो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काहीच घेऊ नका.

दारूच्या बाटलीवर आपल्या देशात इशारा असतो. दारू आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, असा. २०१९ पासून तो सक्तीचा आहे. पोटातल्या बाळाचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायांसाठी वेगळा इशारा छापावा लागतो, फ्रान्समध्ये २००७ पासून गरोदर बाईचे चित्र किंवा इशारा असतो. आपल्याकडे कायदा करणाऱ्यांना बहुधा असे वाटत असावे की भारतातल्या बाया पीतच नाहीत.

पितात का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या १.३ टक्के स्त्रियांनी आणि १८.८ टक्के पुरुषांनी दारू पितो असे सांगितले. दारू हा मुख्यतः पुरुषांचा प्रश्न आहे यात शंका नाही. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला किती बाया खरे सांगतील? आणि आपल्या समाजात तर ही लाज दुप्पट आहे. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात पाचवे शील आहे. ‘आमच्या बौद्धवाडीत बाया पीत नाहीत’ असे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान योग्यच आहे. पण चिरेखाणीवर किंवा बंदरावर दिवसभर राबून अंग दुखते म्हणून घेणारी एखादी, नवऱ्याने जबरदस्तीने पाजलेली एखादी, आपल्यातच असते. आशाताईने विचारले की ती ‘नाही’ म्हणते, कारण खरे सांगितले तर उद्या महिला मंडळात कुणी शेजारी बसणार नाही, अशी तिला भीती असते. शील हे स्वतःला सांभाळण्यासाठी घेतलेले असते. दुसरीला गप्प करण्यासाठी ते वापरले, तर त्याची किंमत तिचे बाळ मोजते.

बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या बायांना सांगितले होते की नवरा-मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना, आईला बाळंतपणाआधी विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे असे त्यांनी मांडले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात असे आम्हाला वाटते. गरोदर बाईच्या अंगदुखीवर उपाय आराम हा आहे. तो तिला मिळत नाही म्हणून घोट जवळ केला जातो. ज्या घरात नवरा रोज पितो, तिथे बाईला ‘तू घेऊ नकोस’ सांगण्यात फारसा अर्थ नाही. तिच्या दुधा-अंड्याचे पैसे तिकडे जातात आणि मारहाण झाली तर पोटातल्या बाळालाही इजा होते. निदान नऊ महिने बाटली घरात आणायची नाही, एवढे तरी नवऱ्याकडून घ्यावे.

आता भीतीबद्दल. हे वाचून एखादी घाबरेल की पाळी चुकली हे कळायच्या आधी लग्नात किंवा शिमग्यात आपण घेतली होती. घाबरू नका. एखाद्या वेळच्या घोटाने बाळ बिघडलेच असे होत नाही, आणि एवढ्या कारणाने गर्भ पाडायला धावू नका. आज थांबलात तर आजपासूनच फायदा आहे, कारण मेंदू अजून वाढायचा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथे डॉक्टरांना किती आणि केव्हा घेतली ते खरे सांगा. सासूसमोर बोलता येत नसेल तर एकटीने बोलायचे आहे असे नर्सताईंना सांगा. तो तुमचा हक्क आहे.

जिला रोज लागते तिच्यासाठी सल्ला वेगळा आहे, तो नीट वाचा. रोज भरपूर पिणारीने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे असे होऊ शकते आणि ते आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. बंद करायचीच, पण इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत फोन नंबर आहे. आपल्या रत्नागिरीत तर राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. त्याचे नाव काढले की लोक हसतात. दारूची सवय हा आजार आहे आणि मनाचे डॉक्टर त्यावर औषध देतात, यात हसण्यासारखे काही नाही.

बाळंतपणानंतरही ब्रँडी नको. आईच्या रक्तात जेवढी दारू तेवढीच दुधात उतरते, दूध वाढण्याऐवजी कमी येते आणि बाळ कमी पिते. बाळंतिणीला ऊब हवी तर गरम पेज, आळिवाची खीर, गोधडी आणि बंद खिडकी पुरे. पिऊन गुंगीत असलेल्या आईने बाळाला कुशीत घेऊन झोपणे तर फारच धोक्याचे, बाळ गुदमरू शकते. तान्ह्याला बोटभर चाटवणे आजच थांबवा. एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर दारूने एकदम खाली जाते, ते सुस्त पडते, आणि आपल्याला वाटते की आराम पडला, झोपले.

वाढीत किंवा शिकण्यात मागे पडलेले मूल घरात असेल तर आईला दोष देत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ज्याला गरज असेल त्याला ते जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, उपचार मोफत असतात. गर्भात झालेली इजा पुसता येत नाही, पण लवकर कळले तर बोलणे, लक्ष, वागणे यांत पुष्कळ फरक पडतो, आणि निदान मार तरी थांबतो.

त्या सुनेच्या सर्दीचे सांगायचे राहिले. वाफ, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि दोन रात्री पुरती झोप, एवढेच सांगितले होते. ताप आला, धाप लागली किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर दवाखाना. सासूबाईंनी जाताना विचारले, मग घरातल्या बाटलीचे काय करू? आम्ही म्हटले, मोरीत ओता. त्या म्हणाल्या, महाग आहे ती. पण पुढच्या रविवारी स्वतःच सांगत आल्या, ओतली.